मांजरांचा हृदयस्नायू विकार : एक प्रस्तावना

मांजराचे हृदय जेमतेम पंधरा ते वीस ग्रॅम वजनाचे असते. घरात निवांत पडलेल्या मांजरात ते मिनिटाला साधारण १३० ते १६० वेळा धडधडते; दवाखान्याच्या टेबलावर, अनोळखी हातांत, हाच आकडा २०० च्या आसपास जातो. वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका आणि खालच्या दोन कप्प्यांना जवनिका म्हणतात. सर्व शरीराला रक्त ढकलण्याचे काम डाव्या जवनिकेचे. तिची भिंत निरोगी मांजरात पाच मिलिमीटरपेक्षा पातळ असते. ही भिंत ज्या स्नायूची बनलेली असते त्या स्नायूचाच आजार म्हणजे हृदयस्नायू विकार. मांजरांच्या हृदयरोगांत सर्वाधिक आढळणारा आजार हाच आहे.

घरात माणसाचा हृदयरोग पाहिलेल्यांना ‘हार्टचा त्रास’ म्हटले की ब्लॉकेज, कोलेस्टेरॉल, अँजिओप्लास्टी हे शब्द आठवतात. मांजराच्या बाबतीत ते सगळे बाजूला ठेवावे लागतात. तिच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या चरबीने तुंबत नाहीत. लहान जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप झिजते, तसेही इथे सहसा होत नाही. धमन्या मोकळ्या आणि झडपा मुळात धड असतात. बिघडतो तो स्नायू. म्हणूनच तेल-तूप कमी करून किंवा मांजराला पळवून हा आजार टळत नाही.

हा एकच एक आजार नाही. अमेरिकेतील पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत त्याची विभागणी हृदय कसे दिसते यावरून केली आहे. स्नायू जाड होणे हा पहिला आणि सर्वांत मोठा प्रकार. भिंत जाड नाही, पण ताठर झाली आहे, हा दुसरा. कप्पा फुगून भिंत पातळ आणि दुबळी होणे हा तिसरा. उजव्या जवनिकेत स्नायूची जागा चरबी आणि तंतू घेतात तो चौथा. कोणत्याच साच्यात न बसणारे रुग्ण पाचव्या गटात जातात आणि त्यांची संख्याही बरीच असते. या विभागणीतला शहाणपणा असा की डॉक्टर जे प्रत्यक्ष दिसते तेच आधी लिहितात. कारणाचा शोध त्यानंतर सुरू होतो. भिंत जाड दिसली म्हणून लगेच ‘जन्मजात विकार’ असा शिक्का मारता येत नाही. वय झालेल्या मांजरात थायरॉइडचा अतिस्राव किंवा वाढलेला रक्तदाब यांमुळेही भिंत जाड होते, अंगातले पाणी कमी झाले तरी ती तात्पुरती जाड दिसते, आणि क्वचित एखाद्या मोठ्या ताणानंतर जाड झालेली भिंत काही महिन्यांत पूर्ववत झाल्याचेही पाहण्यात आले आहे.

जाड स्नायू म्हणजे बळकट स्नायू असा समज सहज होतो. प्रत्यक्षात अशा हृदयाची आकुंचनाची ताकद बहुधा शाबूत असते. अडते ते सैल पडताना. जाड भिंत नीट सैलावत नाही, कप्पा पुरता भरत नाही आणि रक्त मागे तुंबू लागते. तुंबलेल्या रक्ताचा दाब डाव्या कर्णिकेवर येतो आणि ती ताणून मोठी होते. मग दोन संकटे उभी राहतात. दाब आणखी मागे फुफ्फुसांपर्यंत पोचला की फुफ्फुसांत किंवा त्यांच्याभोवती पाणी साचते आणि मांजराला धाप लागते. दुसरे संकट त्याच कर्णिकेत जन्मते: ताणलेल्या, सुस्तावलेल्या कप्प्यात रक्त रेंगाळते आणि त्याची गुठळी होते. दोन्ही संकटांची वाट डाव्या कर्णिकेतून जाते. त्यामुळे अनुभवी तपासनीस भिंतीइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष त्या कर्णिकेच्या आकाराकडे देतो.

किती मांजरांना हा विकार असतो, याचे उत्तर चकित करणारे आहे. लंडनमधील आसराघरांत राहणाऱ्या, दिसायला ठणठणीत असलेल्या ७८० मांजरांच्या इको तपासणीचे (ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याच्या तपासणीचे) निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील १४.७ टक्के मांजरांत, म्हणजे सुमारे सातांतल्या एकीत, स्नायू जाड झालेला आढळला. नऊ वर्षांवरील मांजरांत हे प्रमाण २९ टक्क्यांपर्यंत गेले. ती बहुतेक साधी, मिश्र वंशाची मांजरे होती; आपल्याकडच्या देशी मांजरांसारखीच कोणत्याही जातीचा शिक्का नसलेली. बोक्यांत हा विकार मादीपेक्षा जास्त दिसतो.

आकडा मोठा असला तरी घाबरून जाण्याचे कारण नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जगभरातील ५० केंद्रांनी अशा १००८ मांजरांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली, ज्यांचा स्नायू जाड होता पण लक्षणे नव्हती. त्यांपैकी सुमारे ३० टक्के मांजरांना पुढे हृदय निकामी होण्याचा किंवा गुठळीचा त्रास झाला. उरलेल्या बहुसंख्य मांजरांना या विकाराची झळ लागली नाही. त्यामुळे विकाराचे निदान आणि विकाराचा त्रास या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्या लागतात. मात्र पहिल्या दिवशी कोणते मांजर कोणत्या गटात जाणार हे सांगता येत नाही. वेळोवेळी तपासत राहावे लागते.

लपवाछपवीत मांजराचा हात धरणारा प्राणी घरात दुसरा नाही. हृदयाचा त्रास असलेला कुत्रा फिरायला नेल्यावर मागे राहतो, रात्री खोकतो, घरच्यांना कळते. मांजराला कोणी फिरायला नेत नाही आणि हृदयाच्या आजारात ती सहसा खोकतही नाही. ती थोडी जास्त झोपते, कपाटावर उडी मारायची सोडते, पलंगाखाली जाऊन बसते. वय झाले, उन्हाळा आहे, रुसली आहे, असे म्हणून घर पुढे जाते. स्टेथोस्कोपचीही पुरती मदत होत नाही. लंडनच्या त्या पाहणीत सुमारे ४० टक्के मांजरांच्या हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा सळसळता आवाज, ऐकू आली, पण त्यांतल्या बहुतेकींचे हृदय निरोगी निघाले. उलट जाड स्नायूच्या काही मांजरांत काहीच ऐकू येत नाही. ठोक्यांच्या जोडीला तिसरा, घोड्याच्या टापांसारखा ठोका ऐकू आला किंवा ठेका अनियमित असला, तर संशय अधिक पक्का होतो.

नागपुरात या विषयाची ओळख करून देण्याला विशेष कारणे आहेत. पहिले म्हणजे शहरात पशुवैद्यकीय शिक्षणाची परंपरा जुनी आहे. नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ साली सुरू झाले. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० साली स्थापन झाले तेव्हा त्याचे मुख्यालयही नागपूरलाच आले. योगायोग असा की १९५८ सालीच लंडनच्या डोनाल्ड टीअर या विकृतितज्ज्ञाने अकाली मृत्यू आलेल्या काही तरुण माणसांच्या हृदयात भिंत वेडीवाकडी जाड झाल्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि माणसांतल्या या विकाराचा आधुनिक अभ्यास सुरू झाला. मांजरांतील वर्णने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या अॅनिमल मेडिकल सेंटरमधून सी-क्वांग लिऊ, लॅरी टिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणली. म्हणजे हा विषय मांजरांच्या वैद्यकात पन्नासएक वर्षांचाच आहे. विदर्भात पशुवैद्यकाची घडण गाय, बैल, म्हैस आणि शेळी यांच्याभोवती झाली, आणि शेतीवर जगणाऱ्या मुलखात ते योग्यच होते. आता फ्लॅटमध्ये पर्शियन मांजर आणि गल्लीतून उचलून आणलेले देशी पिल्लू, दोन्ही दवाखान्यात येतात, दहा-पंधरा वर्षे जगतात आणि वयाबरोबर येणारे आजारही दाखवतात.

दुसरे कारण नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या दिवसांत, पारा ४५ अंशांच्या आसपास राहतो. अशा दुपारी मांजर तोंड उघडून धापा टाकताना दिसली की ‘ऊन लागले’ हे निदान घरातच होते. अंगावर पाणी शिंपडले जाते, कूलरसमोर ठेवले जाते, कांद्याचा रस किंवा ग्लुकोजचे पाणी जबरदस्तीने पाजले जाते. इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, ती त्याची रोजची रीत आहे. मांजर उष्णतेत गार फरशीवर पसरते, अंग चाटून ओले करते, न्हाणीघरात किंवा माठाजवळ जाऊन बसते. तोंड उघडून श्वास घेणे ही तिची शेवटची पायरी आहे. पिल्लू दांडगाई करून दमले आणि मिनिटभर धापले तर गोष्ट वेगळी. सावलीत, कूलरच्या हवेत बसलेली मोठी मांजर धापत असेल, तर तिला उष्माघात असो वा फुफ्फुसांत पाणी, ती आणीबाणीच आहे. आणि दुसऱ्या शक्यतेत तोंडात जबरदस्तीने ओतलेले पाणी तिचा जीव घेऊ शकते.

तिला दवाखान्यात नेणे हेही नागपूरच्या मे महिन्यात जोखमीचे असते. पिशवीत किंवा खोक्यात घालून भर दुपारी दुचाकीवरून नेलेले आजारी मांजर वाटेतच कोसळू शकते. शक्य असेल तर एसी असलेल्या गाडीतून, नाहीतर ऑटोत, हवा खेळेल अशा टोपलीवर ओलसर पंचा अर्धवट टाकून न्यावे, आणि निघण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. नियमित तपासणी सकाळी उन्हाच्या आत उरकावी; धाप लागलेल्या मांजरासाठी मात्र संध्याकाळची वाट पाहू नये.

आहाराचा भाग या विकाराच्या इतिहासात सर्वांत समाधानाचा आहे, आणि आपल्याकडे तो अजून संपलेला नाही. टॉरिन हा पदार्थ मांस आणि मासळीत असतो, धान्यात आणि भाजीत जवळजवळ नसतो, दुधात अगदी थोडा असतो. माणूस तो शरीरात बनवतो. मांजर पुरेसा बनवू शकत नाही आणि पित्तरसासाठी तो सतत खर्च करत राहते. त्याच्या अभावी डोळ्याचा पडदा खराब होतो हे १९७५ साली कळले होते. १९८७ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठाच्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले की फुगलेल्या, दुबळ्या हृदयाच्या अनेक मांजरांच्या रक्तात टॉरिन अत्यल्प होते आणि ते पुरवल्यावर त्यांची हृदये सुधारली. तोवर हा विकार बहुधा मरणाकडेच जाई. खाद्य बनवणाऱ्या कंपन्यांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले आणि हा प्रकार पाश्चात्त्य देशांत दुर्मीळ झाला.

नागपूरच्या कितीतरी घरांत मात्र मांजर दूध-पोळीवर, दूध-भातावर नाहीतर कुत्र्यासाठी आणलेल्या खाद्यावर वाढते. शाकाहारी घरात प्रेमाने पाळलेल्या मांजराला मांस मिळतच नाही. बाहेर उंदीर-पाली मारणारी मांजर आपली सोय करून घेते. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बंद असलेली ती करू शकत नाही. कुत्र्याच्या खाद्यात मांजराला लागेल एवढे टॉरिन असेलच याची खात्री नसते. जिथे मांसाहार चालतो तिथेही कोंबडीचे मांस उकळून पाणी फेकून देण्याची सवय असते, आणि पाण्यात विरघळणारे टॉरिन त्या पाण्यातूनच निघून जाते. कोंबडीच्या छातीपेक्षा मांडीच्या गडद मांसात आणि हृदयात ते अधिक असते. उकळलेले पाणी मांसासोबतच वाटीत ओतणे हा या बाबतीतला सर्वांत स्वस्त उपाय. शाकाहारी घरासाठी मांजरांचे तयार खाद्य हाच व्यवहार्य मार्ग आहे. दूध-पोळी हे मांजराचे अन्न नव्हे, हे पशुवैद्यकाने न संकोचता सांगितले पाहिजे. फुगलेल्या हृदयाचे मांजर तपासताना ‘ती काय खाते’ हा प्रश्न त्यामुळे पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच यायला हवा. या प्रकारात वेळेवर दिलेले टॉरिन काही महिन्यांत हृदय सावरू शकते.

जाड स्नायूच्या प्रकाराचे मूळ बहुधा आनुवंशिक आहे. मेन कून जातीत मायोसिन-बंधक प्रथिन सी या स्नायूतील प्रथिनाच्या जनुकातला दोष २००५ साली सापडला आणि रॅगडॉल जातीत त्याच जनुकातला दुसरा दोष २००७ साली. दोष आईबाप दोघांकडून आला तर धोका बराच वाढतो. पर्शियन, ब्रिटिश शॉर्टहेअर, स्फिंक्स या जातींतही विकार अधिक दिसतो, पण त्यांच्यासाठी अशी एका जनुकावर बोट ठेवणारी सर्वमान्य चाचणी नाही. जातिवंत पिल्लू घेताना आईबापांची इको तपासणी झाली आहे का हे विचारणे म्हणूनच रास्त आहे. याच जनुकाचा माणसांशीही संबंध आहे. त्यातील २५ अक्षरांचा एक तुकडा गळाल्याचा दोष भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत असतो आणि तो हृदयस्नायू विकाराचा धोका वाढवतो, हे हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रासह अनेक संस्थांच्या संशोधकांनी २००९ साली दाखवले. मांजर आणि तिचा मालक यांच्या हृदयाचे दुखणे कधीकधी एकाच जनुकात असते.

गुठळीचा आघात हा या विकाराचा सर्वांत क्रूर चेहरा आहे. कर्णिकेतून सुटलेली गुठळी महाधमनीतून खाली जाते आणि जिथे धमनी मागच्या दोन पायांसाठी दुभंगते तिथे अडकते. काही क्षणांपूर्वी चालत असलेली मांजर एकदम किंचाळते आणि मागचे पाय फरफटत पुढच्या पायांवर सरकू लागते. घरच्यांना वाटते गाडीखाली आली, गच्चीवरून पडली, साप चावला किंवा लकवा मारला. फरक हाताने कळतो. मागचे पंजे पुढच्या पंजांच्या तुलनेत गार लागतात. गुलाबी गाद्या फिकट किंवा निळसर दिसतात. मांडीच्या आतल्या बाजूस नाडी लागत नाही. पोटरीचा स्नायू कडक होतो आणि मांजर तिथे हात लावू देत नाही. पाठीच्या दुखापतीत पाय लुळे पडले तरी पंजे सहसा कोमट आणि गुलाबी राहतात. यातना भयंकर असतात, आणि तीव्र वेदनाशामक हा उपचाराचा पहिला भाग आहे. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र चुकूनही देऊ नये. ती मांजरासाठी विष आहे. एकच पाय गेला असेल तर आशा बरी असते. दोन्ही पाय गेले आणि शरीराचे तापमान ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरले असेल तर ती कमी होते. अशा वेळी वेदनारहित मृत्यूचा पर्याय डॉक्टरांनी समोर ठेवला तर तो निष्ठुरपणा मानू नये.

निदानाचा पाया इको हाच आहे. मांजराला कुशीवर झोपवून, मध्ये फट असलेल्या टेबलावर खालच्या बाजूने छातीला प्रोब लावतात. शांत खोली आणि हलका हात असेल तर बहुतेकींना भूल लागत नाही. जवनिका सैल पडलेल्या क्षणी भिंतीची जाडी मोजतात: पाच मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे ठीक, सहा किंवा अधिक म्हणजे जाड, मधला भाग संशयाचा. कर्णिकेची तुलना शेजारच्या महाधमनीशी करतात. कर्णिकेत रक्त धुरासारखे फिरताना दिसले तर गुठळीची पूर्वसूचना समजतात. फुफ्फुसांतल्या पाण्यासाठी एक्स-रे, दाबासाठी रक्तदाब मापन, वयस्क मांजरासाठी थायरॉइडची तपासणी ही पुढची पावले. इको जवळ नसेल तेव्हा रक्तातील एनटी-प्रोबीएनपी या घटकाची चाचणी धाप हृदयामुळे आहे की फुफ्फुसामुळे हे ठरवायला मदत करते. धापणाऱ्या मांजराला मात्र आधी प्राणवायू आणि निवांतपणा द्यायचा असतो. एक्स-रेसाठी तिला आडवी-उताणी दाबून धरणे प्राणावर बेतू शकते.

उपचार टप्प्याप्रमाणे ठरतात. लक्षणे नाहीत आणि कर्णिका साधारण आकाराची आहे, तेव्हा बहुधा औषध लागत नाही. वर्षाकाठी तपासणी पुरते. या टप्प्यावर विकाराची वाट रोखणारे औषध फार काळ नव्हते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत सिरोलिमस हे आठवड्यातून एकदा द्यायचे औषध याच टप्प्यासाठी सशर्त मंजूर झाले. त्याची पूर्ण परीक्षा अजून व्हायची आहे. कर्णिका मोठी झाली की गुठळी टाळण्यासाठी क्लोपिडोग्रेल देतात. ७५ मिलिग्रॅमची गोळी कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते आणि मांजराला तिचा पाव भाग रोज एकदा लागतो. तो इतका कडू असतो की मांजर तोंडातून फेस काढते. रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालून दिला तर जातो. एकदा गुठळीतून वाचलेल्या मांजरांत क्लोपिडोग्रेल ॲस्पिरिनपेक्षा सरस ठरते, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने सिद्ध केले. फुफ्फुसांत पाणी झाले तर फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध, आणि छातीत फुफ्फुसाभोवती साचले तर सुईने ते काढणे; त्याने काही मिनिटांत आराम पडतो.

दोन प्रसंगी शांत असलेला विकार बाहेर येतो. एक, खाजेसाठी दिलेले दीर्घकाळ काम करणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन. दुसरा, नसबंदीची भूल आणि सोबत दिलेले सलाइन. नसबंदी आवश्यक आहे आणि ती टाळू नये. पण आधी छाती नीट ऐकणे, मर्मर किंवा अनियमित ठेका असेल तर इको करून घेणे आणि सलाइन मोजून देणे एवढे सहज शक्य आहे.

घरच्यांच्या हातात यंत्र नसले तरी एक मोजमाप असते, आणि ते अनेक चाचण्यांइतके मोलाचे आहे. मांजर गाढ झोपली असताना, घुरघुरत नसताना, तिच्या कुशीकडे पाहावे. कुशी एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. कूलरच्या आवाजात श्वास ऐकू येत नाही, म्हणून तो डोळ्यांनीच मोजायचा. तीस सेकंद मोजून संख्या दुप्पट करावी आणि आकडा तारखेसह लिहून ठेवावा. निरोगी मांजरात, आणि औषधाने आटोक्यात असलेल्या मांजरातही, तो बहुधा ३० च्या खाली राहतो. ज्यांच्या घरी मर्मर असलेले, जाड स्नायूचे निदान झालेले किंवा म्हातारे मांजर आहे त्यांनी हे आठवड्यातून एकदा करावे, उन्हाळ्यात थोडे अधिक वेळा, आणि शंका आली तर फोनवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवावा. झोपेतला आकडा लागोपाठ दोनदा ३० च्या वर गेला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तोंड उघडे, जीभ निळसर किंवा मागचे पंजे गार असतील तर त्याच क्षणी.